खड्ड्यात न गेलेली रोपं

चौथ्या पानाची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा किंचित कमी भरली. शोभाने पट्टी पुन्हा पानाच्या मधल्या शिरेवर ठेवली, आकडा वाचला, मग पट्टी आडवी धरून रुंदी घेतली. फरक पडला नाही. पूर्वी तिला पट्टी लागत नसे. केळीच्या रोपाचं पान अंगठ्यात आणि तर्जनीत धरून बुडापासून टोकापर्यंत नुसतं ओढून घ्यायचं, की बोटंच सांगत: हे सरळ, हे आखूड, याची कड जाड, याचं काहीतरी बिनसलंय. आता बोटांच्या टोकांवर मेणाचा पातळ थर बसल्यासारखं झालं होतं. पोटातल्या गाठीसाठी घेतलेल्या पहिल्या औषधाने तिथल्या नसा बधिर केल्या होत्या. हळूहळू परत येतील असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्या येत नव्हत्या. पान बोटांत आहे हे तिला डोळ्यांनी कळे. म्हणून ती मोजू लागली होती. आणि मोजायला लागल्यापासून तिच्या ध्यानात आलं होतं की बोटं इतकी वर्षं जे सांगत होती ते बहुतेक बरोबर होतं, पण ते कशावरून सांगत होती हे तिने त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"बाद," ती म्हणाली.

मालूबाईने रोप ट्रेमधून उपटलं. शेडनेटच्या हिरव्या उजेडात मालूबाईचा चेहराही एखाद्या रोपासारखा दिसत होता. तिने ते रोप खड्ड्यात पुरायच्या टोपलीत टाकलं नाही. भिंतीशी एक निळं क्रेट होतं, त्यात आधीची पंधरा-वीस रोपं ओल्या गोणपाटाखाली नीट उभी केलेली होती. त्यांच्या शेजारी तिने हेही उभं केलं आणि वरून बोटांनी थोडं पाणी शिंपडलं.

"तिकडे कुठे ठेवतेस?"

"हे भाईदासभाऊंचे ना, मॅडम."

"कोणाचे?"

"तुमच्या दिराचे हो. गाडी घेऊन येतात, भरून नेतात. तुम्ही इंदूरला अ‍ॅडमिट होत्या तेव्हापासून चालू आहे. मी समजली तुम्हीच बोलल्या असाल. घरचा माणूस, मी कोण विचारणारी? आणि शेठ पण बोलले, जाने दो मालूबाई, खड्डा खोदायचं काम तरी वाचलं." मालूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि हात पदराला पुसले. "काही चुकलं का? मॅडम, तुमचं तोंड असं काहून झालं? बसा बरं अगोदर."

शोभा बसली नाही. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून जे दुखणं असे ते त्या क्षणी आहे की नाही हे तिने सवयीने तपासलं. होतं, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून. म्हणजे शेकडो रोपं. तिने स्वतः बाद ठरवलेली रोपं खड्ड्यात गेली नव्हती. चांदनीला भाईदासच्या शेतात जाऊन मातीत उभी होती. आणि आता, तिने मनातल्या मनात महिने मोजले, ती निसवायला आली असणार. त्यांच्या पोटातून घड बाहेर पडत असणार. राग आला होता हे खरं, पण रागाच्या पुढे एक पाऊल दुसरंच काहीतरी होतं, आणि ते तिला इतकं अनोळखी झालं होतं की ते कुतूहल आहे हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

केळीची रोपं तयार करणाऱ्या या प्रयोगशाळेत तिने वीस वर्षं एकच नियम चालवला होता. चांगल्या बागेतल्या झाडाच्या बुडाशी फुटलेला जोमदार पील निवडायचा, त्याचा कोंब सोलत सोलत आतल्या पांढऱ्या गाभ्याशी जायचं, तो गाभा काचेच्या बरणीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा. तो फुटतो, त्याचे तुकडे करायचे, ते पुन्हा फुटतात. एका गाभ्यातून हजारो रोपं, सगळी जनुकांच्या एकाच मजकुराची, अक्षरन् अक्षर तोच. पण तुकडे करण्याच्या फेऱ्या आठच्या वर न्यायच्या नाहीत. मागणी कितीही असो, लॅबचे मालक शेठ कितीही गोड बोलोत, आठव्या फेरीनंतर ती ओळ बंद. कारण एरवी क्वचित निघणारी विचित्र रोपं त्यानंतर बरणीतून भराभर निघू लागतात. बुटकी, पानांची गर्दी झालेली, कातड्यासारख्या पानांची. गंमत अशी की त्यांच्यातल्या बऱ्याच रोपांचा मजकूर तपासला तर एकही अक्षर बदललेलं सापडत नाही. बदलतं ते वेगळंच. कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, याच्या ज्या खुणा पेशीने आपल्या मजकुरावर चिकटवलेल्या असतात, मिथाइलचे बारीक बारीक ठिपके, ते बरणीतल्या फुकटच्या साखरेने आणि संप्रेरकांनी जागचे हलतात. रोप मजकूर विसरत नाही. तो वाचायचा कसा, हे विसरतं.

हे सगळं ती दर वर्षी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात सोप्या हिंदीत सांगत असे आणि शेतकरी डुलक्या घेत. आपल्यालाच कुणी एक दिवस हे सांगेल असं तिला वाटलं नव्हतं. इंदूरचे डॉक्टर यादव वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान होते, त्यांच्या टेबलावर काचेखाली त्यांच्या मुलीने काढलेला हत्ती होता. "मॅडम, आप तो साइंसवाली हैं, आपसे क्या छुपाना," म्हणत त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला होता. स्वादुपिंडातली गाठ पहिल्या औषधाने आक्रसली होती. यकृतावरचे ठिपके आधी दबले आणि आता पुन्हा वाढत होते. तिने विचारलं होतं, यकृतात गेलेल्या पेशींमध्ये नवी काही चूक झालेली असते का? अक्षरांची? डॉक्टरांनी चष्मा काढला होता. पेशंट हा प्रश्न विचारत नाहीत. पेशंट विचारतात, किती दिवस. "बऱ्याच वेळा नाही," ते म्हणाले होते. मूळ चुका त्याच असतात, त्या गाठीत पहिल्यापासून असतात. पसरणारी पेशी पुष्कळदा नवं काही शिकत नाही. ती खुणा बदलते. स्वादुपिंडाची म्हणून जी पानं उघडी असायला हवीत ती मिटते, आणि हलायची, तग धरायची, औषध आलं की निपचित पडून राहायची जी पानं मिटलेली असतात ती उघडते. म्हणून तर औषध तिला मारत नाही. औषध निघून जाईपर्यंत ती झोपून राहते.

आणि मग त्यांनी नव्या उपचाराच्या एका चाचणीबद्दल सांगितलं होतं. नेहमीच्या औषधाच्या आधी काही दिवस दुसरं एक औषध द्यायचं, जे त्या खुणा पुसतं. पेशीला आपण कोण होतो हे थोडं आठवलं, तर नेहमीचं औषध तिला लागू पडेल, असा अंदाज. अंदाजच, मॅडम. काहींना उपयोग होतो, बऱ्याच जणांना होत नाही. सुरुवातीला आणि मध्ये एकदा यकृताचा सुईने तुकडा घ्यावा लागेल. रक्तातल्या पेशी उतरतील, थकवा येईल, दर महिन्याचा एक आठवडा इंदूरला. नाही म्हटलंत तर दुखण्यावर उपचार चालूच राहतील, त्यात काही कमी होणार नाही. औषधाचं नाव ऐकल्यावर मात्र शोभा क्षणभर डॉक्टरांच्या खोलीत राहिलीच नाही. ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, जुन्या फ्रिजसमोर उभी होती. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात रबरी बुचाची एक इवलीशी बाटली होती, आत चिमूटभर पांढरी पूड. त्यांच्या मार्गदर्शक बाई ती बाटली स्वतः काढत, दोन हातमोजे एकावर एक घालून, तोंडाला रुमाल बांधून, आणि म्हणत, "श्वास सोडू नकोस गं, उडेल." त्याच कुळातलं रसायन. तंबाखूच्या पेशींच्या गोळ्यांवर त्याचे थेंब टाकायचे आणि काय होतं ते पाहायचं, एवढाच तो प्रयोग. बहुतेक गोळे तपकिरी होऊन मेले. एका फ्लास्कमध्ये मात्र, वर्षभर नुसत्या ढेकळासारखा पडून असलेल्या गोळ्याला दोन हिरवे कोंब फुटले. बाईंनी तो फ्लास्क खिडकीशी नेऊन किती वेळ पाहिला होता. का फुटले हे त्यांना कळलं नाही, दुसऱ्यांदा जमलं नाही, आणि प्रबंधात ते आलं नाही. जिला स्पर्श करायला ती भीत होती ती पूड आता शिरेतून तिच्या अंगात जाणार होती. आणि डॉक्टरांसमोर बसून तिला पहिली गोष्ट वाटली ती भीती नव्हती, तर असं की मग आता कळेल, बाईंना जे कळलं नाही ते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, विनायकला, तर नाहीच.

सोमवारी कळवायचं होतं. खरं म्हणजे आधीच्या सोमवारी कळवायचं होतं, आणि त्याच्या आधीच्याही. विनायकने इंदूरची बॅग भरून दाराशी ठेवली होती. नेपानगरच्या कागद कारखान्यात त्याचा सगळा जन्म लगद्याचा ओलेपणा तपासण्यात गेला, निवृत्तीनंतरही त्याला घरात एकही गोष्ट अर्धवट ओली किंवा अर्धवट सुकी चालत नसे. हो किंवा नाही. ती हो म्हणाली तर तो ऐकणार होता की ती बरी होणार आहे. इतवारा बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना तो ते संध्याकाळपर्यंत सांगणार होता. ती नाही म्हणाली तर तो ऐकणार होता की तिने सोडून दिलं, त्याला सोडून दिलं. तिला जे म्हणायचं होतं ते या दोन्हींत बसत नव्हतं, आणि ते कसं म्हणायचं हेच तिला सुचत नव्हतं. डॉक्टरांना ती एका मिनिटात सांगू शकली असती. अडत होतं ते स्वयंपाकघरात.

दुपारी विनायक गाडी घेऊन आला तेव्हा ती शेडच्या दारातच उभी होती.

"कॅप्सूल घेतली?"

"घेतली."

"जेवणाच्या आधी की नंतर?"

"मध्ये, अहो. मध्येच घ्यायची असते. चांदनीला चला."

"आत्ता? या उन्हात? भाईदासला फोन करून बोलावून घेऊ की."

"त्याला नाही पाहायचं मला. त्याचं शेत पाहायचंय."

विनायकने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तो हल्ली पाहत असे: नकार द्यायची भीती वाटत असल्यासारखं. मग त्याने मागची उशी काढून तिच्या पाठीशी लावली आणि गाडी वळवली. बुऱ्हाणपूरच्या परकोटाचा, जुन्या तटाचा, दरवाजा मागे पडला, पॉवरलूमची खडखड विरत गेली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या, निळ्या पिशव्या घातलेले घड, पाटाचं पाणी, पुन्हा निळ्या पिशव्या. विनायक बोलत होता. नागपूरला कुणीतरी होतं, त्याच्या मेव्हण्याला हेच झालं होतं, आता तो सकाळी फिरायला जातो. "हेच" म्हणजे काय हे शोभाने विचारलं नाही. तिने खिडकीला डोकं टेकलं. तिला वडिलांच्या शाळेतलं कपाट आठवत होतं. प्रांतांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा वडील बुऱ्हाणपुरात नव्यानेच मराठीचे मास्तर झाले होते. खानदेश त्या बाजूला राहिला, गाव या, हिंदीच्या बाजूला. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. मराठीचे वर्ग एकेक करून कमी झाले, मुलंच येईनात, आणि एका वर्षी मराठी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागलं, कारण उघडायचं काही कारण उरलं नव्हतं. पुस्तकं तिथेच होती. एकही पान कुणी फाडलं नव्हतं. पण पुढच्या दहा वर्षांत शाळेत आलेल्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की या शाळेत मराठी पुस्तकच नाही. वडील शाळेत हिंदीतून गणित शिकवत आणि घरी आल्यावर चपला काढता काढता मराठीत रागवत. माणूस तोच. उंबरठ्याच्या अलीकडे त्याची काही पानं उघडी असत, पलीकडे दुसरी. लहानपणी शोभाला वाटे, वडील दोन आहेत. ती स्वतःही तशीच झाली होती; प्रयोगशाळेत तिला स्वप्नंसुद्धा हिंदीत पडली असती.

वडिलांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी ते कपाट उघडलं होतं. ती कॉलेजात होती, पुस्तकं झाडायला गेली होती. तिला वाटलं होतं, दार उघडलं की सगळं जसंच्या तसं समोर येईल. एक आंबूस वास आला. अर्धी पुस्तकं कसरीने खाल्लेली होती, हातात घेतली की भुगा. काहींची पानं एकमेकांना चिकटून लाकडाच्या ठोकळ्यासारखी झाली होती. आणि काही, का कोण जाणे, अगदी कोरी करकरीत होती. वडिलांनी त्यातलं एक उघडून दोन ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. आपणच एकेकाळी शिकवलेल्या ओळींवर ते अडखळत होते. आता गाडीत बसून तिच्या मनात आलं ते हे: ते औषध असं कपाट शोधून नेमकं तेवढंच उघडत नाही. ते सगळीच कुलपं सैल करतं. जी उघडायला हवीत ती, आणि जी कुणीतरी शहाणपणाने लावलेली असतील तीही. आपल्या आत साठ वर्षांत काय काय मिटून ठेवलं गेलं असेल? आईच्या पोटात असताना हाताची बोटं सुटी करणाऱ्या सूचना. शेपटीच्या सूचना. शोभाने आपल्या बधिर बोटांकडे पाहिलं आणि तिला एकदम हसू आलं.

"काय झालं?" विनायकने घाबरून विचारलं.

"काही नाही. माकडाची शेपटी आठवली."

"गोळीचा परिणाम असेल," तो म्हणाला, आणि त्याने गाडीचा वेग कमी केला.

भाईदास बांधावरच होता. मोठ्या भावाची गाडी पाहून तो धावत आला, आणि पलीकडच्या दाराने उतरणारी वहिनी पाहून जागीच थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्यावरून शोभाला कळलं की मालूबाईने फोन केला आहे.

"या वहिनी. चहा ठेवायला सांगतो. सोजर! ए सोजर, वहिनी आल्या!"

"चहा नंतर. कुठे लावलीत?"

"काय?"

"भाईदासभाऊ."

"विहिरीच्या मागे," तो मान खाली घालून म्हणाला. "कोपऱ्यात. दूर आहे हो मेन बागेपासून. मला काही कळत नाही का?"

"कळलं असतं तर नेली असतीत? शिकलेल्या माणसाने बाद म्हणून काढलेली रोपं तुम्ही चोरासारखी उचलता, त्यांना पाणी देता, खत देता! उद्या त्यांचे पील शेजारच्या बागेत गेले तर? लोक म्हणतील मॅडमच्या लॅबमधली केळी अशी निघते. माझं नाव आहे त्या रोपांवर."

"चोरासारखं नाही, मालूबाईला सांगून नेलं," भाईदास पुटपुटला. मग त्याचा आवाज थोडा चढला. "वहिनी, मी आलो होतो तुमचा सुट्टीचा कागद लॅबमध्ये पोचवायला. पाह्यलं तर हे एवढे हिरवेगार रोपं, जिवंत, खड्ड्यात टाकून वर चुना टाकून राहिले. मी शेतकरी माणूस. हातच नाही उचलत. आणि बुटके तर बुटके. चैत्रात वावटळ आली की उंच केळी आडवी होते, बुटकी कशाला पडते? मी तर म्हणतो तुम्ही उलटे काढता, उंचवाले फेकायला पाहिजेत!"

विनायक हसला. शोभाला हसायचं नव्हतं. "बुटक्याचा घड बाहेर पडताना गळ्यातच अडकतो," ती म्हणाली. "फण्या वाकड्या येतात. कोण घेईल?"

"मंग नका घेऊ. मी कुठे विकायला लावले?"

"मग कशाला लावले?"

भाईदासने डोकं खाजवलं. त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता असं दिसलं. "पाहावं म्हटलं," तो म्हणाला. "काय होतं ते."

विहिरीमागचा तो कोपरा गावच्या गुरांच्या वाटेला लागून होता, काट्यांचं कुंपण घातलेलं. शोभा कुंपणाशी थांबली, मग वाकून आत शिरली. विनायकने मागून तिचा पदर काट्यातून सोडवला. पहिल्या ओळीतलं पहिलं झाड तिच्या खांद्याएवढं होतं आणि त्याची पानं एकाच ठिकाणाहून निघाल्यासारखी, पंख्यासारखी दाटलेली. त्याच्या शेंड्यातून घड अर्धा बाहेर आला होता आणि मान अडकल्यासारखा तिथेच वाकला होता. तिने म्हटलं होतं तसंच. तिला समाधान वाटलं, आणि लगेच त्या समाधानाची लाज वाटली. दुसरंही तसंच. तिसरं झाड मात्र उंच होतं. तिने त्याची पानं खालून वर मोजली. खालची, जुनी, वाळलेली पानं आखूड होती. ती जमिनीकडे लोंबत होती आणि त्यांचा आकार अजून ओळखू येत होता. त्यांच्या वरची लांब. त्यांच्यावरची आणखी लांब. मातीत लागल्यानंतर कुठल्यातरी पानाशी या झाडाने पुन्हा वाचायला सुरुवात केली होती. घड सरळ लोंबत होता, फण्या रांगेत. तिने बोट लावलं. बोटाला काही कळलं नाही, पण तिने लावलंच. चौथं बुटकं. पाचव्याची अर्धी पानं कातड्यासारखी आणि अर्धी नेहमीची, एकाच झाडावर. सहावं अजून निसवलंच नव्हतं, त्याचं तिला काही ठरवताच येईना. ती वाकली, उठली, पुन्हा मागे जाऊन तिसरं पाहिलं. ऊन पाठीवर होतं, घाम येत होता. जिथून दुखतं ती जागा तिने किती तरी वेळ तपासली नव्हती. बुटक्या झाडांच्या बुडाशी पील फुटले होते, आणि त्यातले काही बुटके होते, काही नव्हते, आणि कुठल्या आईला कुठला पील याचा तिला मेळ लागत नव्हता. एकाच बरणीतून निघालेली. एकच मजकूर, एकच माती, एकाच पाटाचं पाणी.

केळीचं झाड म्हणजे स्वादुपिंड नव्हे, तिने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या झाडाकडे पाहून जर ती आता मनात काही धरून बसली तर पहिल्या झाडाकडे पाहूनही धरायला हवं. तिच्या जागी विनायक उभा राहिला असता तर त्याने तिसरंच झाड पाहिलं असतं, त्याचा फोटो काढून इतवाऱ्यात पाठवला असता. भाईदासने पहिलं पाहून वावटळीचं सांगितलं असतं. तिला सहावं पाहायचं होतं. सहाव्याचं काय होणार हे इथे उभं राहून, कितीही मोजून, कळणार नव्हतं. पुढचं पान येईपर्यंत थांबावं लागणार होतं. आणि आपण वीस वर्षं हे पाहिलंच नाही, तिच्या मनात आलं. आपण चौथ्या पानावर बाद म्हटलं आणि टोपलीत टाकलं. ते बरोबरच होतं. रोपाचं तिसरं झाड होईल की पहिलं हे आपण शेतकऱ्याला सांगू शकत नव्हतो, म्हणून दोन्ही नाकारणं हाच प्रामाणिकपणा होता. पण पाहायला कुणाची ना होती? एक वाफा, मागच्या भिंतीशी, विकायचा नसलेला. तिला कधी सुचलं नाही. या माणसाला सुचलं, आणि तेही चुकीच्या कारणाने.

"वहिनी, आता यांचं काय करू?" कुंपणापलीकडून भाईदासने विचारलं. "उपटू?"

"नको."

"म्हणजे रागावल्या नाहीत?"

"रागावलेय. पील एकही बाहेर द्यायचा नाही, नातेवाइकालासुद्धा. घड निघाला की झाडं इथेच कापून कुजवायची. पण तोवर नका उपटू. मी येईन पाहायला."

"कधी?" भाईदासने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला आपण काय विचारलं ते कळलं. त्याने विनायककडे पाहिलं. विनायक विहिरीच्या कठड्याकडे पाहू लागला. नेपानगरकडे जाणारी मालगाडी शेतापलीकडच्या रुळांवरून बराच वेळ जात राहिली.

सोजरबाईने चहा आणला, शोभासाठी वेगळा, बिनदुधाचा, लिंबू पिळून. "तुमच्यासाठी दूध नाही टाकलं, वहिनी, विचारून घेतलं होतं मी मागच्या खेपेला," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली, "आणि तुम्ही! मी बोलली होती ना, वहिनींना विचारून लावा. तर म्हणे सरप्राइज देऊ." बाजेवर चौघं बसली. भाईदास आता मोकळा झाला होता आणि झाडांबद्दल असं बोलत होता जशी ती त्याने स्वतःच्या बरणीत काढली असावीत. त्याचं म्हणणं होतं की वाकड्या घडाला गूळपाणी घातलं तर तो सरळ होतो. शोभाने सांगितलं, होत नाही. त्याने सांगितलं, करून पाहू. विनायकने चहाचा कप बाजेच्या कडेच्या लाकडावर ठेवला, तो ओला डाग पुसला, पुन्हा कप ठेवला. शोभाने ओळखलं की तो आता विचारणार आहे, आणि तो सगळ्यांसमोर विचारणार आहे म्हणजे तिला एकटीला विचारणं त्याच्याकडून झालं नाही.

"मग सोमवारचं," तो म्हणाला. "डॉक्टरांना काय सांगायचं? भाईदाससमोर सांग. त्यालाही कळू दे."

भाईदासने तोंड उघडलं, सोजरबाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

लिंबाची चव शोभाला लागत नव्हती, फक्त आंबटपणाची जाणीव जिभेच्या कडांना होत होती, जणू चव दुसऱ्या कुणाला लागते आहे आणि तो तिला सांगतो आहे. तिने विनायककडे पाहिलं. त्याची दाढी नीट झाली नव्हती. हनुवटीखाली एक पट्टा राहून गेला होता. तीस वर्षं लगदा हातात घेऊन ज्याने सांगितलं की हा जाईल, हा नाही जाणार, त्या माणसाला ती काय सांगणार होती? ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. पाहुण्यांना रस्ता समजावून सांगावा तसं, एकेक शब्द पुढे ठेवत ती बोलली.

"मी घेणार आहे ते औषध. तुम्हाला वाटतं तसं बरी होण्यासाठी नाही. बरी झाले तर बरंच आहे, पण त्यासाठी नाही. माझ्या आत ते काय करतं हे मला पाहायचंय, मला खरंच पाहायचंय, आणि हे सांगायची मला इतके दिवस लाज वाटत होती. सुईने जो तुकडा घेतील तो त्यांना ठेवून घ्यायचा असेल तर त्यावर मी सही करणार. आणि ज्या दिवशी मी म्हणेन की आता पुरे, त्या दिवशी तुम्ही, भाईदासभाऊ, कुणीच, अजून एकदा करून पाहू असं मला म्हणायचं नाही."